साठ की आठ?

चंद्रपूरच्या कोळसाखाणी, बल्लारपूरचा कागद आणि आलापल्लीचे सागवान यांच्या या मुलखात मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगूही बोलली जाते. अनेकांना मराठी कानाने शोधावी लागते. अशा कामगारसभेत वक्ता ‘साठ रुपये’ म्हणाला आणि मागच्या रांगेला ‘आठ रुपये’ ऐकू गेले, तर ठरावासाठी वर झालेल्या हातांना अर्थ काय? फरक एका ‘स’चा. तो वाटेत कोठे हरवतो, एवढेच आम्ही आज सांगणार आहोत.

‘आ’चा जोर मुख्यत्वे सेकंदाला हजार-बाराशे कंपनांच्या आत असतो, ‘स’चा चार हजारांच्या आसपास व त्यावर. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे २०० कंपनांची लाट १७० सेंटिमीटर लांब, तर ४००० कंपनांची अवघी साडेआठ.

आता लाउडस्पीकर एकावर एक रचून दीड मीटरचा सरळ खांब केला. समोर सर्वांचे आवाज एकदम पोचतात. ओंडका ओढणारे गडी एका तालात जोर लावतात तसे. वर-खाली तिरपे गेले की कोणाचा आवाज आधी, कोणाचा मागून येतो. ताल मोडतो आणि आवाज एकमेकांना मारतात. लांब लाटेला हा फरक फारसा जाणवत नाही, आखूड लाटेला फार जाणवतो. म्हणून ‘आ’ चहूकडे पसरतो, आणि ‘स’चा पट्टा जेमतेम चार अंशांचा उरतो. मंच उंच असेल तर तो डोक्यांवरून निघून जातो. आवाज वाढवला तर ‘आ’ही तितकाच वाढतो.

उपाय तीन. लाउडस्पीकर लहान व अगदी जवळजवळ असावेत. खांब श्रोत्यांकडे कमानीसारखा फुगलेला असावा. आणि मधल्यांना पूर्ण जोर देऊन टोकांकडे तो क्रमाने कमी करावा. शेवटच्या दोहोंची जोड अमेरिकेत पाण्याखालील ध्वनियंत्रांसाठी नौदलाच्या संशोधनात निघाली. डॉन कील यांनी २००० साली ती लाउडस्पीकरांना लावून दाखवली. मग बहुतेक कंपनांचा पट्टा जवळजवळ सारखाच रुंद राहतो. खांबाहून लांब लाट मात्र त्याला आवरत नाही.

सरळच खांब असेल तर तो शेवटच्या रांगेकडे झुकवावा. सभेपूर्वी ‘साठ, आठ’ म्हणून पाहावे आणि मागे व कडेला उभ्या असलेल्यांना विचारावे. ज्याला ठराव ऐकूच आला नाही, त्याची संमती आम्ही धरू शकत नाही.