बाळंतिणीच्या मनाचे उपचारक

‘बाळ गुटगुटीत आहे, मग ही रडते कशाला?’ प्रसूतीच्या वॉर्डात हा प्रश्न रोजचा. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणे, चिडचिड होणे हे बऱ्याच जणींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. मात्र उदासी त्यापुढेही टिकली, बाळ झोपलेले असतानाही डोळा लागेना, ‘मी चांगली आई नाही’ हा विचार पाठ सोडेना, तर तो आजार समजावा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी आणि नवऱ्याशी बेबनाव यांच्या जोडीला मुलगी झाल्याचे दडपणही त्यामागे होते.

मानसशास्त्राचे विद्यार्थी मला विचारतात, ‘या क्षेत्रात यायचे कसे?’ पदव्युत्तर शिक्षण, मग भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले चिकित्सा मानसशास्त्राचे प्रशिक्षण आणि नोंदणी, हा झाला कागदावरचा मार्ग. पुढचे शिक्षण प्रसूती विभागातच होते. टाक्यांचे दुखणे, दूध न उतरणे, रात्रीची जागरणे, रक्तक्षय, प्रसूतीनंतर बिघडणारे थायरॉइड हे सारे मनावर कसे उतरते, ते तिथेच कळते. वंध्यत्वाचे उपचार घेणारी, गर्भपात झालेली, रिकाम्या हाताने घरी जाणारी स्त्रीही याच उपचारकाची वाट पाहत असते.

त्याच्या हाती एक सोपे साधन आहे. १९८७ साली तयार झालेली एडिनबरा प्रश्नावली. दहा प्रश्न, पाचेक मिनिटे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो टाळायचा नाही. विचारल्याने असा विचार मनात येत नाही, उलट कोणीतरी विचारले म्हणून बाई मोकळी होते. मात्र सासूला आणि नवऱ्याला बाहेर बसवूनच विचारावे.

आपली मर्यादा ओळखणे, हा या वाटेवरचा मोठा धडा. हजारात एक-दोन मातांना प्रसूतीनंतर तीव्र मनोविकार होतो. झोप उडते, भास होतात, बाळाबद्दल विचित्र शंका येतात. तिथे समुपदेशन पुरत नाही, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ हवा. बंगळूरुच्या निम्हान्समध्ये अशा मातांना बाळासह दाखल करून घेणारा कक्ष आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसारही, उपचारांच्या काळात तीन वर्षांखालील मुलाला सहसा आईपासून वेगळे करू नये.

घरच्यांनी एवढे करावे: रात्रीचे निदान चार-पाच तास बाळाला कोणीतरी सांभाळावे आणि आईला सलग झोपू द्यावे. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे वाक्य गिळावे. नैराश्यावरची अनेक औषधे स्तनपान सुरू ठेवून घेता येतात, ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. जवळ तज्ज्ञ नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ऐकू आली, तर तिला एकटे सोडू नका, लगेच रुग्णालयात आणा.