मीडियात जायचंय, पण पदवी कोणती घ्यायची? फॉर्म भरण्याआधी हे समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की आमच्या इनबॉक्समध्ये ठरलेले मेसेज यायला लागतात. "मीडियात जायचंय. बीएएमएमसी करू की साधं बीए?" "पुण्याला जाऊ की मुंबईला?" "मास कॉम केलं की चॅनलमध्ये नोकरी लागते का?" घरच्यांचा प्रश्न याहून सरळ असतो. एवढी फी भरायची, पुढे काय?

दोन्ही बाजूंचे प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या आधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. या क्षेत्रात पदवीचा उपयोग नेमका कशासाठी होतो?

पत्रकार व्हायला पदवी लागतेच का?

कायद्यानं लागत नाही. डॉक्टरला वैद्यकीय परिषदेची नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. पत्रकारासाठी भारतात असा परवाना नाही. बातमी लिहिण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यातून येतो आणि तो प्रत्येक नागरिकाला आहे. २०१३ मध्ये प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारांसाठी किमान पात्रता ठरवायला समिती नेमली होती. त्यावर बरीच चर्चा झाली, पण पत्रकारितेची पदवी सक्तीची झाली नाही.

इतिहासात डोकावलं तर गंमत दिसते. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून पत्रकारितेचं स्कूल सुरू झालं. पुढच्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात दाखल झाले. ते तिथे शिकले अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र. आणि ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं. आपल्या काळातलं उदाहरण हवं असेल तर विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं लिहिणारे पी. साईनाथ घ्या. ते जेएनयूमध्ये इतिहास शिकले.

मग ही पदवी घ्यायची कशाला?

परवाना मिळत नसला तरी तीन गोष्टी मिळतात. पहिली, सरावासाठी वेळ. चुकीची बातमी लिहिली तर कॉलेजात मार्क जातात, ऑफिसात नोकरी जाऊ शकते. दुसरी, साधनं. कॅमेरा, एडिटिंगचा संगणक, रेडिओचा स्टुडिओ घरी कुणाकडे नसतो. तिसरी, ओळखी. या क्षेत्रात बऱ्याच जागांच्या जाहिराती येतच नाहीत. 'आमच्याकडे एक जागा आहे, कुणी आहे का?' असा फोन सिनिअरला किंवा सरांना येतो.

मी स्वतः मास कम्युनिकेशनची पदवी घेतली आहे आणि पहिली इंटर्नशिप मला अशाच एका फोनमुळे मिळाली.

काही ठिकाणी मात्र कागद लागतोच. माहिती व जनसंपर्क विभागातल्या माहिती अधिकारी पदांच्या जाहिरातीत पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागितली जाते. विद्यापीठात हा विषय शिकवायचा असेल तर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा पीएचडीची वाट धरावी लागते. मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणीही अनेकदा पदवी बघूनच होते.

थोडक्यात, या पदवीत तुम्ही सराव, साधनं आणि ओळखी विकत घेता. त्या मिळणार नसतील तर फक्त कागदासाठी लाखो रुपये घालण्यात अर्थ नाही. पुढचं सगळं याच मापानं मोजा.

'मास कॉम' या एका नावात चार धंदे

पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क आणि व्हिडिओ-सिनेमा. चारही 'मास कम्युनिकेशन'मध्ये येतात, पण रोजचं काम पूर्ण वेगळं असतं. पत्रकार लोकांना न आवडणारे प्रश्न विचारतो. जनसंपर्कवाला त्या प्रश्नांना कंपनीच्या वतीनं उत्तर देतो. जाहिरातवाला विकतो. व्हिडिओ एडिटर दिवसभर टाइमलाइनसमोर बसतो. माझ्या वर्गातले सगळे 'मीडियात' जायला आले होते. आज काही न्यूजरूममध्ये आहेत, काही एजन्सीत, आणि एक जण विमा कंपनीचं इन्स्टाग्राम सांभाळतो.

मुंबई विद्यापीठाचं बीएमएम २०१९-२० पासून बीएएमएमसी झालं. या अभ्यासक्रमात सुरुवातीला सगळ्यांची ओळख आणि शेवटच्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यातली निवड, अशी रचना राहिली आहे. आपल्याला नक्की काय आवडतं हे ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी हे सोयीचं आहे. ज्यांचं ठरलेलं आहे, त्यांना मात्र नको असलेले विषयही शिकावे लागतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे सगळ्याच पदव्यांची रचना बदलते आहे. म्हणून सिनिअरचा जुना अभ्यासक्रम पाहू नका, चालू वर्षाचा विद्यापीठाच्या वेबसाइटवरून डाउनलोड करा.

सिनेमाच करायचा असेल तर प्रभात स्टुडिओच्या जागेत उभी असलेली पुण्याची एफटीआयआय ही वेगळी वाट आहे. तिथल्या मुख्य अभ्यासक्रमांना पदवीनंतर आणि प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. जाहिरात आणि ब्रँडचं काम करायचं असेल तर अहमदाबादच्या मायकासारख्या संस्था आहेत. तिथे जाणाऱ्यानं 'मला पत्रकार व्हायचंय' म्हणून जाऊ नये.

वाटा तीन

१. बारावीनंतर थेट मीडियाची पदवी. फायदा म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षापासून सराव सुरू होतो आणि इंटर्नशिपसाठी तीन वर्षं मिळतात. तोटा म्हणजे लिहायचं कसं हे कळतं, पण कशाबद्दल लिहायचं हे कच्चं राहतं. अर्थसंकल्पाच्या दिवशी महसुली तूट आणि राजकोषीय तूट यातला फरक गुगल करावा लागला की हा तोटा कळतो. ही वाट निवडली तर एखादा विषय बाजूनं पक्का करा. शेती, कायदा, आरोग्य, क्रिकेट, काहीही चालेल.

२. आधी विषयाची पदवी, मग पत्रकारिता. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा, विज्ञान यात पदवी आणि मग एक किंवा दोन वर्षांचं पत्रकारितेचं शिक्षण. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ पासून हे काम करतो. कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, नांदेड इथल्या विद्यापीठांतही हे विभाग आहेत. दिल्लीची आयआयएमसी १९६५ मध्ये सुरू झाली, २०२४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचं एक केंद्र अमरावतीत आहे आणि तिथे मराठी पत्रकारिता शिकवली जाते. या वाटेचा मोठा फायदा असा की मन बदललं तर पहिली पदवी हातात राहते. नव्या धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात संपवण्याची सोयही आहे. विद्यापीठानुसार नियम तपासा.

३. काम करत पदविका. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या दैनिकाचं किंवा यूट्यूब चॅनलचं काम करत असाल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारखे पर्याय आहेत. स्वस्त, आणि गाव सोडावं लागत नाही. पण साधनं आणि ओळखी तुम्हालाच मिळवाव्या लागतात.

इथे एक सावधगिरी. पदविका किंवा सर्टिफिकेट म्हणजे पदवी नव्हे. यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ नुसार केंद्र किंवा राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था, एवढेच पदवी देऊ शकतात. चकचकीत स्टुडिओचे फोटो टाकणारी खासगी संस्था बारावीनंतर तीन वर्षांचा 'डिप्लोमा' देत असेल, तर पुढे एमपीएससी, यूपीएससी किंवा एमएला अर्ज करताना अडचण येते. पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, हे लेखी विचारा. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसीच्या वेबसाइटवर असते.

मराठी की इंग्रजी?

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही मजकूर होते. दोनशे वर्षं होत आली, पण मराठी न्यूजरूमची गरज फारशी बदललेली नाही. कोर्टाचा निकाल, कंपनीचं पत्रक, आंतरराष्ट्रीय बातमी इंग्रजीत येते आणि वीस मिनिटांत वाचकाला समजेल अशा मराठीत जावी लागते. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांना मराठी शुद्धलेखन नडतं, मराठी माध्यमातल्यांना इंग्रजी वाचनाचा वेग नडतो. ज्याला दोन्ही जमतं, त्याला काम आधी मिळतं. कॉलेजचं माध्यम कोणतंही असो, दुसऱ्या भाषेत रोज एक पान लिहायची सवय लावा.

फीचं गणित कागदावर मांडा

सरकारी विद्यापीठ विभाग आणि खासगी संस्था यांच्या फीमध्ये हजार आणि लाख एवढं अंतर असू शकतं. समजा सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं, व्याज १० टक्के आणि परतफेड पाच वर्षांत. महिन्याचा हप्ता साधारण १२,७५० रुपये होतो. शिक्षण चालू असतानाचं व्याज यात धरलेलं नाही. आता त्या कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना गाठा आणि पहिला पगार विचारा. त्यातून खोलीचं भाडं, मेस आणि लोकल किंवा पीएमपीचा पास वजा करा. उरलेल्या रकमेत हप्ता बसत नसेल, तर ते कॉलेज चांगलं असलं तरी तुमच्यासाठी नाही. कर्ज डोक्यावर असलं की माणूस शिकायला मिळेल ती नोकरी सोडून पगार मिळेल ती घेतो, आणि पत्रकारितेची सुरुवातीची दोन वर्षं शिकण्याचीच असतात.

कॉलेजला विचारायचे पाच प्रश्न

१. मुलं स्वतः चालवतात असं वृत्तपत्र, वेबसाइट किंवा कम्युनिटी रेडिओ आहे का? मागचे तीन अंक दाखवा.
२. शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी न्यूजरूममध्ये काम केलंय आणि त्यातले कायमस्वरूपी किती?
३. मागच्या बॅचनं इंटर्नशिप कुठे केली? पैसे मिळाले का?
४. कॅमेरा विद्यार्थ्याला घरी नेता येतो का, की फक्त प्रॅक्टिकलच्या दिवशी कपाटातून निघतो?
५. माध्यम कायदा, आकडेवारी आणि माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणं अभ्यासक्रमात आहे का?

प्लेसमेंटच्या पोस्टरवरच्या हसऱ्या चेहऱ्यांपेक्षा या उत्तरांवर विश्वास ठेवा.

आमचं मत

अजून काहीच ठरत नसेल तर दुसरी वाट जास्त सुरक्षित. आवडीच्या विषयात, परवडेल अशा कॉलेजात पदवी घ्या, त्या काळात लिहीत राहा आणि मग पत्रकारितेचं शिक्षण घ्या. जाहिरात, व्हिडिओ किंवा डिझाइनचं वेड आत्ताच असेल, तर बारावीनंतर थेट गेलेलं बरं. ते हातानं शिकायचं काम आहे आणि लवकर सुरू केलेलं फायद्याचं ठरतं.

आणि पत्रकारितेबद्दल शंका असेल तर फॉर्म भरण्याआधी एक फुकटची परीक्षा देऊन बघा. तुमच्या भागात नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येतं, ते शोधा. पाच घरांत विचारा, त्यातली दोन घरं तुमच्या ओळखीची नसावीत. पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या माणसाकडून त्याची बाजू घ्या. ३०० शब्दांत लिहून काढा. अनोळखी दार वाजवताना भीती वाटली तर हरकत नाही, ती सगळ्यांनाच वाटते. पण लिहून झाल्यावर सहाव्या घरी जावंसं वाटलं, तर या क्षेत्राचा फॉर्म भरायला हरकत नाही.