बॉशच्या दस्तऐवजात तार नाही

प्रीमियर ११८ एनई या गाडीबद्दल मला वाजवीपेक्षा जास्त कुतूहल आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९८५ साली प्रीमियरने फियाट १२४ च्या इटालियन सांगाड्यात निस्सानचं ११७१ सीसीचं ए-१२ इंजिन बसवलं, गिअरबॉक्सही निस्सानचाच. आज गॅरेजवाले ज्याला ‘इंजिन स्वॅप’ म्हणतात, ते एका कंपनीनं राजरोस केलं. माझ्यासारख्या माटुंगेकराला खरं तर याचं नवल वाटू नये. इथं १९१५ पासून रेल्वेचा कारखाना आहे आणि १९२३ मध्ये भायखळ्याहून आलेलं व्हीजेटीआय आहे. एकाचं काढून दुसऱ्याला बसवणं ही इथली जुनी खोड.

त्या निस्सान इंजिनाला तारा लागायच्या अगदी थोड्या. स्टार्टर, आल्टरनेटर, इग्निशन कॉइल, ऑइलच्या दाबाचा दिवा, तापमानाचा काटा. एक तार, एक काम. टेस्ट लॅम्प घेऊन बसलेला वायरमन बिघाड चहा निवायच्या आत शोधून द्यायचा. आता जुन्या जीपमध्ये नवं कॉमन रेल डिझेल बसवून बघा. स्टार्टर फिरतो, पंप चालतो, पण इंजिन पेटत नाही. किंवा पेटतं आणि लगेच बंद पडतं. मीटरचे काटे हलत नाहीत आणि स्कॅनर म्हणतो, संपर्क नाही. इंजिन धडधाकट असतं. अडलेलं असतं ते संभाषण, आणि ते चालतं एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारांवरून: कॅन-हाय आणि कॅन-लो.

कॅन म्हणजे कंट्रोलर एरिया नेटवर्क. त्याचा इतिहास थोडक्यात उरकतो. बॉशमध्ये १९८३ ला काम सुरू झालं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत उवे किएन्के, झिगफ्रीड दाइस आणि मार्टिन लिट्शेल यांनी ते मांडलं. पुढच्याच वर्षी इंटेलची चिप आली. तारांचं ओझं कमी करण्यासाठी हे शोधलं, असं सगळीकडे छापून येतं. ते तितकंसं खरं नाही. गाडीत नव्या सोयी आणणं हा मूळ हेतू होता. तारा वाचल्या हा वरकड फायदा.

मला जास्त रस आहे तो बॉशने सप्टेंबर १९९१ मध्ये काढलेल्या ‘कॅन स्पेसिफिकेशन २.०’ या दस्तऐवजात. संदेशाची रचना, कोणाला आधी बोलू द्यायचं, चूक कशी पकडायची, सगळं त्यात बिट-बिट मोजून दिलं आहे. फक्त तारेबद्दल चकार शब्द नाही. संदेश कोणत्या माध्यमातून न्यायचा, किती व्होल्टवर न्यायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं म्हणून मुद्दाम मोकळं सोडलं आहे. ती उणीव आयएसओ ११८९८ या मानकानं १९९३ मध्ये भरली. आणि गंमत अशी की गॅरेजात माणसाला रडवतो तो नेमका हाच सोडून दिलेला भाग.

या दस्तऐवजातलं चुकांच्या हिशेबाचं प्रकरण मला सगळ्यांत आवडतं. तारेला जोडलेलं प्रत्येक मोड्यूल, म्हणजे इंजिन, मीटर किंवा एबीएसचा छोटा संगणक, स्वतःच्या चुकांचा आकडा स्वतःच ठेवतं. संदेश पाठवताना फसलं की ८ वाढतात, जमलं की १ कमी होतो. १२८ झाले की आवाज खाली आणायचा, २५६ झाले की तारेवरून स्वतःहून बाजूला व्हायचं. याला ‘बस ऑफ’ म्हणतात. लागोपाठ ३२ वेळा फसलं की खेळ संपला. मात्र एक अपवाद आहे. तारेवर एकच मोड्यूल जागं असेल आणि त्याला ओ द्यायला कोणीच नसेल, तर त्याचा आकडा १२८ ला अडतो. ते हाका मारत राहतं, पण बाहेर फेकलं जात नाही. एकटं असणं हा गुन्हा धरलेला नाही.

इंजिन बदलणाऱ्याला या अपवादाचा थेट उपयोग होतो. स्कॅनरवर यू०१५५ किंवा यू०१२१ हा कोड दिसला, तर इंजिनाचा ईसीएम (इंजिन सांभाळणारं मोड्यूल) अनुक्रमे मीटर किंवा एबीएसच्या नावानं हाका मारतो आहे. ती मोड्यूल्स जुन्या गाडीत नसतीलच, तर तक्रार स्वाभाविक आहे. यू००७३ म्हणजे बस ऑफ दिसला, तर मामला वेगळा. तिथं कोणी गैरहजर नाही, कोणी तरी गोंधळ घालतं आहे: दोन तारा एकमेकींना किंवा बॉडीला टेकल्या आहेत, किंवा ५०० किलोबिटच्या तारेवर २५० किलोबिटचं मोड्यूल जोडलं आहे. हे न बघता ‘ईसीएम गेला’ म्हणून सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कोड फक्त तक्रार नोंदवतो, आरोपी ठरवत नाही.

खरा पुरावा साध्या मल्टीमीटरवर मिळतो. बॅटरी काढायची आणि ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजायचे. तारेच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक हरवलं, ४० आले तर कोणी तिसरा रेझिस्टर घुसवला, शून्याजवळ आले तर शॉर्ट. काही गाड्यांत सॉकेट आणि आतली तार यांच्यामध्ये गेटवे असतो. तिथं इंजिनाच्या हार्नेसवरच मोजावं लागतं.

स्वॅपमध्ये बहुतेक वेळा १२० च येतात, आणि कारण भंगारात पडलेलं असतं. एक रेझिस्टर बहुधा ईसीएमच्या पोटात असतो, दुसरा बऱ्याच गाड्यांत मीटरमध्ये किंवा एबीएसमध्ये. इंजिन आणि ईसीएम आले, मीटर सीएसटी रोडच्या दुकानातच राहिलं, त्यासोबत तारेचं टोकही राहिलं. वाईट म्हणजे अशी तार पूर्ण मरत नाही. आखूड असली तर कधी चालते, कधी नाही. लॅमिंग्टन रोडवर चिल्लर मोजून मिळणारा १२० ओहमचा रेझिस्टर टोकाला लावला की हा आजार जातो.

तरीही ६० ओहम म्हणजे सगळं आलबेल नव्हे. चावी लावून दोन्ही तारांचं व्होल्टेज बघावं: हाय अडीचच्या किंचित वर, लो किंचित खाली. वाढवलेल्या तारेचा पीळ सोडलेला नाही ना, मध्येच काढलेला फाटा लांबलचक नाही ना, हे पाहावं. आणि अर्थिंग! इंजिन ब्लॉक ते बॉडीची पट्टी लावायची राहिली की वायरमन दोन दिवस नको तिथं शोधत बसतो. इमोबिलायझर हा तर निराळाच अडथळा; तारा निर्दोष असल्या तरी ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन पेटत नाही.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. प्रीमियर स्वतः निर्माता होती; आपण नाही. म्हणून आधी आरटीओत विचारा, मगच इंजिन शोधा. आणि घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला हार्नेस कापू देऊ नका. ईसीएम, मीटर, किल्ली आणि इंजिनाचे कागद एकाच गाडीचे, एकाच वेळी, ताब्यात घ्या.