सहस्रकुंडाच्या माथ्यावर एकट्यानं जायचंय? मग ढग कुठले बघायचे?

पावसाळा लागला की सध्या एक नवाच नाद दिसतो. सॅक पाठीवर टाकायची, कोणालाही सोबत न घेता निघायचं आणि धबधब्याच्या पायथ्याशी न थांबता थेट माथ्यावर, जिथून पाणी उडी घेतं तिथं जाऊन उभं राहायचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पोराच्या डोक्यात अशा वेळी पहिलं नाव येतं ते सहस्रकुंडाचं. आज त्याबद्दलच बोलू.

सहस्रकुंड पैनगंगेवर आहे. नदीच्या एका काठाला उमरखेड तालुका, म्हणजे आपला यवतमाळ जिल्हा, आणि दुसऱ्या काठाला नांदेड जिल्हा. काळाकभिन्न कातळ, त्यात पाण्यानं कोरलेले खळगे. पाणी कमी असतं तेव्हा वेगवेगळ्या धारा दिसतात; पूर आला की त्या एकमेकींत मिसळतात आणि कातळ दिसेनासा होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. सह्याद्रीत, म्हणजे माळशेजजवळच्या काळू धबधब्यासारख्या ठिकाणी, माथा गाठायला अक्षरशः घाम गाळावा लागतो. चढ इतका असतो की निम्मे लोक वाटेतच परत फिरतात. सहस्रकुंडाचं तसं नाही. इथं नदी पठारावरूनच वाहत येते आणि खाली कोसळते, त्यामुळे माथा म्हणजे नदीचं पात्रच! डोंगर चढावा लागत नाही, काठाकाठानं चालत आलं की आपण माथ्यावर. म्हणूनच ही जागा फसवी आहे. दमछाक झालेला माणूस जपून पाय टाकतो. इथं दम लागलेलाच नसतो, आणि माणूस सेल्फीसाठी सरळ धारेच्या कडेला जातो.

आणि पाणी? ते इथल्या पावसाचं नसतंच मुळी. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, वाशिम-हिंगोली करत आपल्याकडे येते. वाटेत तिच्यावर इसापूर धरण आहे, आणि हिंगोलीकडून कयाधू येऊन मिळते. म्हणजे सहस्रकुंडावर कडक ऊन पडलेलं असताना वाशिमला रात्रभर झोडपलेलं असू शकतं. इसापूरचे दरवाजे उघडले तर ते पाणीही इथूनच जाणार. तुमच्या फोनमधलं हवामानाचं ॲप तुम्ही उभे आहात तिथलं आभाळ दाखवतं. नदीला मात्र दोन जिल्हे पलीकडचं आभाळ पाणी पुरवतं. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी उमरखेडचा अंदाज बघून भागत नाही. बुलढाणा, वाशिम, हिंगोलीचा पाऊस बघा, आणि इसापूर धरणातून विसर्ग सुरू आहे का, ही बातमी शोधा. पाणी सोडताना नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. तो इशारा तुमच्यासाठीसुद्धा असतो हे लक्षात ठेवा.

पाणी वाढतं किती पटकन? 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. एकमेकांना घट्ट धरून प्रवाहाच्या मधोमध उभे होते ते. त्यामागचं गणित सरळ आहे: पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. म्हणून मघाशी घोट्याएवढ्या पाण्यात आरामात उभा असलेला माणूस थोड्याच वेळात पिंडरीभर पाण्यात उभाच राहू शकत नाही. त्यात शेवाळलेला कातळ, म्हणजे साबण लावलेली फरशीच! बरं, पोहता येतंय म्हणून निर्धास्त राहावं, तर धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवेचे बुडबुडे इतके असतात की अंग नीट तरंगत नाही, आणि कोसळणारी धार माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढते. तिथं चांगला पोहणाराही हतबल होतो.

नदी आधी सांगते, फक्त ऐकायला कान हवेत. (हेडफोन काढा की राव, निदान तिथं तरी.) स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, आवाज जड झाला, की फोटो राहू द्या आणि काठ गाठा. चांगला कोन मिळाला म्हणून पात्राच्या मधल्या खडकावर बसू नका. मागची वाट कधी पाण्याखाली गेली ते कळतही नाही.

आता एकट्यानं जाण्याबद्दल. मी जाऊ नका म्हणणार नाही. एकट्यानं चालण्याची मजा वेगळीच असते. पण दोघांत एकाचा पाय मुरगळला तर दुसरा मदत आणतो. एकटा असलात तर ती सोय घरूनच करून निघावं लागतं. घरी एका माणसाला सांगा: कुठल्या काठानं जाणार, किती वाजता परत फिरणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळवायचं. ‘फिरायला चाललो’ एवढ्यावर कोणी शोधू शकत नाही. या भागात रेंजचा भरवसा धरू नका, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. आसपास पैनगंगा अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय शिरता येत नाही. परवानगी वनविभागाकडून घ्या, आणि मागच्या आठवड्यात काय दिसलं तेही तिथंच विचारा.

विजेचं विसरू नका. उघड्या कातळावर, पाण्याजवळ, आजूबाजूला सगळ्यात उंच वस्तू म्हणजे आपण! पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडायची शक्यता असेल तर सांगतं. फुकट आहे, मराठीतही आहे. गडगडाट ऐकू आला की कातळ सोडायचा, पण झाडाखाली नाही थांबायचं.

कधी जावं? माझं मत विचाराल तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास. पाणी असतं, पण धारा वेगळ्या झालेल्या असतात, खळगे दिसायला लागतात. ऊन मात्र चांगलंच चटकतं आणि कातळ तापतो, म्हणून पहाटे निघा आणि पाणी भरपूर घ्या. नांदेडकडून येणार असाल तर मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे. परतीची गाडी तिथं कधी थांबते ते मात्र निघण्याआधीच बघून ठेवा.