जड नाकाची गाडी

माझा भाचा नाना पेठेतल्या एका गॅरेजात काम शिकतो. गेल्या महिन्यात तो घरी आला तोच मोबाईलवर एका लाल, दोन आसनी जुन्या गाडीचे चित्र दाखवत. "खाला, माझ्या फियाटमध्ये दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं तर तीही अशीच पळेल ना?" फियाट म्हणजे त्याने पै-पै साठवून घेतलेली जुनी प्रीमियर पद्मिनी. मी भाषा शिकवणारी बाई, पण या प्रश्नाचे निम्मे उत्तर आमच्या घरातच घडलेले होते.

१९९० च्या सुमारास पेट्रोल परवडेना म्हणून अब्बांनी आपल्या फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतले. तेव्हा पुष्कळजण तसे करत. डिझेल इंजिनात हवा फार जोराने दाबली जाते. तो दाब सोसायला त्याचा ब्लॉक जाड आणि भक्कम करावा लागतो, म्हणून ते जड. खर्च वाचला खरा, पण गाडीचे नाक खाली झुकले. जागच्या जागी स्टिअरिंग वळवताना अब्बांचे खांदे भरून येत आणि पुढचे टायर लवकर झिजत. एकदा पावसात सासवडहून परतताना दिवे घाटातल्या वळणावर अब्बांनी चक्र फिरवले, तरी गाडी काही क्षण सरळच जात राहिली. कठड्यापासून हातभर अंतरावर ती थांबली. मागच्या सीटवर मी आणि माझी धाकटी बहीण होतो. तीच या मुलाची आई.

त्याच्या मोबाईलवरची गाडी इंग्लंडची एम.जी.बी. निघाली. आज आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या हेक्टरवर जे एम.जी. लिहिलेले असते, तेच जुने नाव. १९६२ साली आलेल्या या गाडीत १,७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन होते, ताकद सुमारे ९५ अश्वशक्ती. हलकी, वळणावर आज्ञाधारक. मग कंपनीलाही माझ्या भाच्यासारखाच मोह झाला. १९६७ मध्ये तिने त्याच गाडीत २,९१२ सीसीचे सहा सिलिंडरचे लोखंडी इंजिन बसवले आणि तिला एम.जी.सी. म्हटले. ताकद १४५ अश्वशक्तीपर्यंत गेली, पण पुढच्या चाकांवर नव्वदेक किलोंचा बोजा वाढला. इंजिन मावेना म्हणून बॉनेटला उंचवटा काढला. पुढची स्प्रिंगची रचना बदलून तिथे पीळ घेणाऱ्या सळ्या घातल्या. स्टिअरिंग हलके राहावे म्हणून त्याचे गुणोत्तरही बदलले, त्यामुळे तेवढ्याच वळणाला चक्र जास्त फिरवावे लागू लागले. सरळ रस्त्यावर गाडी झकास धावे, पण परीक्षण करणाऱ्या पत्रकारांनी वळणाबद्दल नाके मुरडली. दोन वर्षांत सुमारे ९,००० गाड्या निघाल्या आणि १९६९ मध्ये उत्पादन बंद झाले. (तरुणपणी राजपुत्र चार्ल्स यांच्याकडे हीच गाडी होती. राजघराण्याला बहुधा वळणांची घाई नसावी!)

असे का होते? टायरवर भार वाढला की त्याची रस्त्यावरची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दीडपट झाला तर पकड दीडपटीहून कमीच वाढते. वळवायचे वजन मात्र पूर्ण दीडपट असते. म्हणून पुढची चाके आधी हार मानतात आणि गाडी वळणाबाहेर सरळ ओढली जाते. दुसरे कारण कावड वाहणाऱ्याला विचारावे. दोन्ही घागरी डोक्यावर असतील तर माणूस चटकन वळतो. त्याच घागरी कावडीच्या दोन टोकांना असतील तर वळायला वेळ लागतो, आणि वळल्यावर थांबायलाही. म्हणूनच गतीच्या गाड्यांत इंजिन शक्यतो मध्याकडे ठेवतात. दिलीप छाब्रिया यांनी २०१२ मध्ये दाखवलेल्या अवंतीत ते सीटांच्या मागे, मागील चाकांच्या पुढे होते.

ताकदीची गोष्ट वेगळी. पद्मिनी काय किंवा एम.जी. काय, इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर जातो. नाक जड म्हणजे शेपूट तुलनेने हलकी. ओल्या वळणावर जरा जास्त ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाके घसरतात आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणजे आधी गाडी वळत नाही, आणि पाय चुकला की नको तितकी वळते. शिवाय वेग दुप्पट झाला तर तो मोडायला ब्रेकला चौपट काम पडते. ब्रेक मात्र जुनेच!

मोठे इंजिन घालूच नये असे नाही. १९७३ मध्ये त्याच एम.जी.च्या बंद टपाच्या गाडीत रोव्हरचे साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन आले. ते ॲल्युमिनियमचे असल्याने वजनाला जुन्या चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनाच्या जवळपासच भरे. ताकद १३७ अश्वशक्ती, आणि नाक जड झाले नाही. तिची वाखाणणी झाली. १९७६ पर्यंत २,५९१ गाड्या बनल्या.

हे सगळे ऐकून भाचा हिरमुसला. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ दाखवले तेव्हा तर आणखीच. आर.टी.ओ.च्या परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार. रात्री त्याच्या आईचा फोन आला. दिवे घाट तिलाही आठवत होता.

रविवारी तो गाडी घेऊन मार्केट यार्डाकडच्या वजनकाट्यावर गेला. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग फक्त मागची, मग पूर्ण गाडी. भाजीचे ट्रक मागे खोळंबलेले आणि काटेवाला वैतागलेला. तिन्ही पावत्या त्याने मला आणून दिल्या. आता नवे इंजिन घेण्याआधी तेही काट्यावर चढवणार आहे म्हणतो.