जवळची एए सभा कशी शोधाल?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, अर्थात ‘एए’, ही दारू सोडू इच्छिणाऱ्यांची संघटना १९३५मध्ये अमेरिकेत सुरू झाली. भारतात ती १९५७पासून आहे. सभा बहुधा संध्याकाळी, शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत भरते. बाहेर मोठी पाटी असेलच असं नाही, म्हणून आधी एएच्या संकेतस्थळावरून किंवा हेल्पलाइनवरून वार, वेळ आणि भाषा विचारून घ्या. मराठी सभा हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा. ‘खुल्या’ सभेला कुणीही बसू शकतं. ‘बंद’ सभा फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे अशी सक्तीही नाही. एक गट रुचला नाही तर दुसरा पाहा; गटागटाचा स्वभाव वेगळा असतो. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या स्वतंत्र सभा असतात आणि त्यांना जायला पिणाऱ्याच्या होकाराची गरज नाही.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. अशा व्यक्तीने आधी डॉक्टरांना भेटावं. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून या कामात आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. फोन मोफत आहे.