परदेशी द्रव्ये, आगंतू कीड आणि आपले कर्तव्य

औषधी द्रव्य कोणते ग्राह्य आणि कोणते त्याज्य, याचा आपल्या संहिताकारांनी फार बारकाईने विचार केला आहे. चरकाचार्यांचे कल्पस्थान आणि सुश्रुताचार्यांचा भूमिप्रविभागीय अध्याय या दोन्ही ठिकाणी ग्राह्य द्रव्याची लक्षणे सांगताना ऊन, अग्नी, पाणी व वारा यांच्याबरोबरच कीटक-जंतूंनी उपहत न झालेले द्रव्य घ्यावे, असा स्पष्ट निर्देश आहे. चरकाचार्य तर जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात याच्याही पुढे जातात. डास, माश्या, उंदीर आणि टोळ यांचा सुळसुळाट हे त्यांनी दूषित देशाचे लक्षण मानले आहे. म्हणजे कीड हा केवळ गोदामातील पोत्याचा प्रश्न नसून तो भूमीच्या आरोग्याचा प्रश्न आहे, ही दृष्टी आपल्या शास्त्रात आधीपासूनच आहे.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, परदेशातून येणाऱ्या वनस्पतींवरील सरकारी संगरोधाचे, म्हणजेच क्वारंटाइनचे, नियम हा आपल्या व्यवसायात बहुधा नाराजीचाच विषय असतो. माल बंदरात अडकला, धुरी द्यावी लागली, कागद अपुरे निघाले, अशा तक्रारी औषधनिर्मात्यांच्या बैठकीत नेहमी ऐकू येतात. त्यांपैकी काही रास्तही आहेत. तथापि हे नियम कोणाचे रक्षण करतात आणि ते टाळल्यास किंमत कोण मोजतो, याची चर्चा क्वचितच होते. ती व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परदेशी द्रव्यांची जुनी वाट

आयुर्वेद म्हणजे केवळ आपल्या परसातील वनस्पतींचे शास्त्र, असा एक भाबडा समज आहे. हिंगाचा 'बाल्हीक' हा पर्याय आणि 'पारसीक यवानी' हे नाव, ही दोन्ही नावेच त्या द्रव्यांचा मूळ प्रदेश सांगतात. भावमिश्रांनी फिरंग रोगावर चोपचिनी सांगितली, तीही चीनकडून आलेली. आजही ज्येष्ठमधाचा मोठा भाग इराण, अफगाणिस्तान व मध्य आशियातून येतो. अक्कलकारा उत्तर आफ्रिकेचा, कंकोळ इंडोनेशियाचा, हिराबोळ आफ्रिकेच्या पूर्व टोकाचा, तर मायफळ इराण-तुर्कस्तानकडचे. गंमत अशी की, मायफळ हे फळ नव्हेच. एका कीटकाने ओकवृक्षाच्या फांदीवर निर्माण केलेली ती गाठ होय.

आम्ही ज्या पैठणात व्यवसाय करतो, त्या प्रतिष्ठान नगरीला हा व्यापार नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवरील नगर असा आहे. येथून गाड्या भरून मौल्यवान दगड भडोचला जात. त्याच बंदरातून परदेशी रवाना होणाऱ्या मालाच्या यादीत जटामांसी, कुष्ठ, गुग्गुळ आणि पिंपळी ही आपल्या ओळखीची द्रव्ये आहेत. सारांश, द्रव्यांची देवघेव आपल्या परंपरेला मान्यच आहे. वाद देवघेवीचा नाही. द्रव्याबरोबर न बोलावता काय येते, हा खरा प्रश्न आहे.

न बोलावता आलेले पाहुणे

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. गाजर गवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात, ते मूळचे अमेरिका खंडातील. पुण्यात 1955 साली त्याची नोंद झाली आणि तेव्हापासून त्याच्या फैलावाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. आयात गव्हाबरोबर ते आले, असा सर्वत्र समज आहे. त्याचे काही नमुने एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिसंग्रहांतही सापडले असल्याने त्याचा पहिला प्रवेश याहून जुना असावा. ते कसेही आले असो, एका झाडाला हजारो बारीक बिया धरतात आणि वारा, पाणी, वाहनांची चाके, जनावरांचे खूर यांबरोबर त्या सर्वत्र पसरतात. गोदाकाठच्या पडीक जमिनी, कालव्यांच्या कडा, शाळांची मैदाने, काहीही त्यातून सुटलेले नाही.

या गवताचे दुष्परिणाम वैद्याला पुस्तकात शोधावे लागत नाहीत. चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या लवणीत खाज व चट्टे घेऊन येणारा शेतमजूर, किंवा पावसाळ्यानंतर शिंका आणि दम यांनी बेजार झालेला रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. आपण त्याला यथायोग्य शोधन-शमन चिकित्सा देतो. परंतु तो पुन्हा त्याच बांधावर खुरपणीला जातो आणि महिन्याभराने परत येतो. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, पण येथे निदान सगळ्या शिवारात उभे आहे. जे एकदा देशात शिरले ते काढून टाकण्याची सोय उरत नाही, हा धडा या एका गवताने दिला आहे.

दुसरे उदाहरण पिठ्या ढेकणाचे. अमेरिका खंडातील एका जातीच्या पिठ्या ढेकणाने 2005 नंतरच्या काही वर्षांत पंजाब, गुजरात, महाराष्ट्र आदी राज्यांतील कपाशीवर मोठा हल्ला केला. ही कीड केवळ कपाशीवर राहत नाही. जास्वंद, अतिबला आणि अश्वगंधा या आपल्या द्रव्यांवरही ती पोसते आणि शेतात पीक नसते तेव्हा गाजर गवतावर आसरा घेते. एक आगंतू पाहुणा दुसऱ्याला घर देतो, तो असा. पाठोपाठ 2008 साली कोइमतूर येथे पपईवरील पिठ्या ढेकूण आढळला आणि दोन वर्षांत तो पुणे परिसरापर्यंत पोहोचला. अखेर 2010 मध्ये प्युर्टो रिको येथून त्याचे नैसर्गिक शत्रू असणारे परोपजीवी कीटक रीतसर परवानगीने आणून सोडण्यात आले, तेव्हा ती कीड आटोक्यात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे मित्रकीटकही परदेशीच होते. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगाही 1983 साली मेक्सिकोतून आणला गेला. बंदिस्त प्रयोगशाळेत त्याची परीक्षा झाली आणि मगच 1984 मध्ये तो बंगळूर परिसरात सोडण्यात आला. तेव्हा संगरोध म्हणजे परदेशी वस्तूंना सरसकट बंदी नव्हे. परीक्षा झाल्यावाचून कोणालाही घरात घ्यायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात या विचाराला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. मेक्सिकन बोंड भुंगा येऊ नये म्हणून 1906 साली आयात कापसाच्या गासड्यांना धुरी देणे सक्तीचे झाले. त्यानंतर 1914 साली विनाशक कीटक व कीड अधिनियम संमत झाला. तो आजही लागू आहे. त्याच्याच आधारे निघालेला 2003 चा वनस्पती संगरोध आदेश 2004 पासून अमलात आला. वेळोवेळी दुरुस्त्या होऊन तोच सध्या आयातीचे नियमन करतो.

या आदेशाची मांडणी आपल्या व्यवसायापुरती समजून घेतली तर बरीच भीती कमी होईल. आदेशाच्या अनुसूचींत वनस्पतींचे वर्ग केले आहेत. काही वनस्पती विशिष्ट देशांतून आणण्यास मनाई आहे. काहींना ठरावीक संस्थांची शिफारस लागते. काहींना आयात परवाना लागतो, शिवाय त्या देशाने विशिष्ट किडी नसल्याची हमी द्यावी लागते. सातव्या अनुसूचीतील मालाला मात्र आयात परवाना लागत नाही. निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, आपल्या बंदरावरील तपासणी आणि गरज पडल्यास धुरी, एवढ्यावर तो मुक्त होतो. जी वनस्पती कोणत्याच अनुसूचीत नाही, तिच्यासाठी आधी किडींच्या धोक्याचे शास्त्रीय मूल्यमापन व्हावे लागते.

म्हणून नव्या द्रव्याची मागणी नोंदविण्यापूर्वी ते कोणत्या अनुसूचीत, कोणत्या स्वरूपात आणि कोणत्या देशासाठी आहे, हे पाहणे आवश्यक आहे. वाळलेले मूळ, बी आणि जिवंत रोप यांचे नियम एक नाहीत. वाळलेल्या मुळाचा धोका मर्यादित असतो. बी आणि रोप यांच्यासोबत रोगाचे बीजही जिवंत येते. माती आणणे तर निषिद्धच आहे आणि पॅकिंगसाठी वापरलेले गवत किंवा पेंढा यांवरही निर्बंध आहेत. लाकडी खोक्यांनाही उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया झाल्याची खूण असावी लागते.

निर्मात्यांच्या रास्त अडचणी

आता दुसरी बाजू. मेथिल ब्रोमाइडची धुरी हा औषधनिर्मात्यांच्या चिंतेचा विषय आहे आणि ती चिंता अनाठायी नाही. हा वायू विषारी आहे. ओझोन थराला तो घातक असल्याने जगभर त्याचा वापर संगरोधासारख्या मोजक्या कारणांपुरता उरला आहे. सुगंधी द्रव्यांच्या बाबतीत कोणत्याही धुरीनंतर गंध आणि रस यांची परीक्षा व्हायलाच हवी. यावर उपाय नियम चुकविणे हा नव्हे. धुरीचे प्रमाणपत्र, वापरलेला वायू, मात्रा व तारीख यांची नोंद पुरवठादाराकडून लेखी घ्यावी. माल पुरेसा काळ मोकळ्या हवेत ठेवावा आणि अवशेषांची तपासणी करून मगच तो कुटण्यास घ्यावा. आपल्याकडे धूपनाची परंपरा आहे. कोणत्या द्रव्याला कोणती प्रक्रिया सोसते, याचे पद्धतशीर संशोधन आपल्या महाविद्यालयांनी हाती घेतले, तर सरकारपुढे तक्रारीऐवजी प्रमाण मांडता येईल.

दुसरी अडचण भावाची. बाजारात कधी कधी तेच ज्येष्ठमध किंवा तोच अक्कलकारा बराच स्वस्त मिळतो आणि कागद मागितले की विक्रेता विषय बदलतो. आमच्याकडेही असा माल दाखविण्यात आलेला आहे. छोट्या फार्मसीच्या मालकाला हा मोह किती जड जातो, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि हिशेब पूर्ण मांडावा. किलोमागे वाचलेले पैसे आपल्या खिशात येतात, पण त्या पोत्यातून निसटलेली कीड अश्वगंधा, कपाशी किंवा मोसंबी लावणाऱ्या शेतकऱ्याच्या रानात जाते. पैठण तालुक्यात मोसंबीची बाग उभी करायला माणसाची कित्येक वर्षे जातात. आपली बचत त्याच्या माथी मारण्याचा आपल्याला काय अधिकार?

हिंगाचा धडा आणि आंब्याचा धडा

योग्य मार्गाने काय साधते, याचे उत्तम उदाहरण हिंग आहे. शतकानुशतके आपण हिंग परदेशातून घेत आलो. पालमपूर येथील हिमालय जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने 2018 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमार्फत, संगरोधाचे सर्व टप्पे पाळून, इराणहून हिंगाचे बी आणविले. 15 ऑक्टोबर 2020 रोजी लाहौल खोऱ्यातील क्वारिंग गावी पहिले रोप लावले गेले. कोणी उत्साही प्रवासी खिशात बी घालून आला असता तर वेळ कदाचित वाचला असता, परंतु बियांसोबत काय आले हे कोणालाच कळले नसते.

हे नियम आपल्यालाच जाचतात असेही नाही. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणास्तव भारतीय आंब्याची आयात थांबविली. त्याचा फटका कोकणच्या हापूसला बसला आणि सुधारणा झाल्यावर 2015 च्या हंगामात ती बंदी उठली. धान्यातील खापरा किडा तर मूळ आपल्याच भूभागातला. अनेक देश आपल्या मालात तो शोधतात. आपली चूर्णे आणि मुळ्या परदेशी पाठविणाऱ्या निर्मात्यांनी हे विसरू नये. जी शिस्त आपण आत येणाऱ्या मालाला लावू, तीच आपल्या मालाची पत ठरेल.

आपण काय करावे

वैद्यबंधू-भगिनींना आणि औषधनिर्मात्यांना आमची काही सूचनावजा विनंती आहे. परदेशी मूळ असलेले प्रत्येक द्रव्य घेताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राची व बंदरावरील मुक्तता आदेशाची प्रत मागावी आणि ती त्या घाणीच्या नोंदीसोबत जपावी. ठोक व्यापाऱ्याकडून खरेदी असली तरी हा आग्रह सोडू नये. चाळणीत उरलेली माती, भुसा व अनोळखी बिया उकिरड्यावर किंवा शेणखतात न टाकता जाळून टाकाव्यात. जिवंत अळी वा भुंगेरा दिसल्यास ते पोते वेगळे करून कृषी विभागास किंवा कृषी विद्यापीठास कळवावे. परदेशी राहणाऱ्या आप्तांकडून कौतुकाने आणलेले रोप, कंद किंवा बी आपल्या वनौषधी उद्यानात लावू नये. सामानातून येणाऱ्या बी-रोपांनाही हाच कायदा लागू आहे. आणि ज्या आयात द्रव्यांची लागवड येथे शक्य आहे, त्यांसाठी शेतकऱ्याशी खरेदीचा करार करावा. बाहेरची वाट जितकी आखूड, तितका धोका कमी.

रुग्णाच्या शरीरात आगंतू व्याधी शिरू नये म्हणून आपण दिनचर्या, ऋतुचर्या आणि सद्वृत्त सांगतो. देशाच्या शरीरासाठी असलेला हा पथ्याचाच नियम आहे. पथ्य रुग्णाला कटकटीचे वाटते, म्हणून वैद्य ते सांगायचे सोडत नाही. मग स्वतःच्या फार्मसीत तरी ते मोडू नये.